मायच्या दुखण्याची वही

माझी सगळी नोकरी लोकांवर संशय घेण्यात गेली. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मोंढ्यातल्या आडतीपासून गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत, जिथं काही मोजून दिलं जातं तिथं जायचं आणि समोरचा माणूस चहा मागवत असताना त्याच्या काट्याखाली वाकून बघायचं, हे माझं काम. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, टेबलाखालून दोऱ्यानं ओढायचा काटा, हे सगळं मी पकडलेलं आहे. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल दिली, नारळ दिला, शिक्का आणि प्रमाणित वजनांची पेटी परत घेतली. संशय तेवढा परत मागितला नाही. तो मी घरी घेऊन आलो, आणि घरात तपासायला दुसरं काही नव्हतं म्हणून मायवर चालवला.

माय तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आमच्यात वाडा म्हणजे काट्याच्या फांद्या रोवून केलेलं मेंढरांचं कुंपण, माणसांचं घर नव्हे. वडील गेल्यावर मेंढरं चुलतभावाकडं गेली आणि मी मायला शहरात, पडेगावच्या घरी आणलं. दोन शेळ्या मात्र तिनं सोबत आणल्याच. घरामागं पत्र्याखाली त्या बांधलेल्या असायच्या. शहरात शेळ्या कशाला, असं मी म्हटलं की ती विचारायची, शहरात माणसं तरी कशाला. रडकी बाई ती कधीच नव्हती. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं मी ते सोयीनं विसरलो.

मागच्या वर्षी थंडी सरता सरता तिच्या डाव्या कुशीवर पुरळ उठलं. छातीखालून निघून बरगडीच्या कडेनं थेट पाठीच्या कण्यापर्यंत लाल पट्टा. नागीण. आमच्याकडं म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपला. त्यामुळं माय रोज सकाळी माझ्या बायकोला विचारायची की कुठवर आली, आणि बायको चार बोटं लावून अंतर मोजून सांगायची. गेरू लावून झाला, कुणाकडून तरी मंत्र टाकून झाला. या सगळ्यात डॉक्टरकडं न्यायला मला पाच दिवस उशीर झाला. त्यांनी गोळ्या दिल्या आणि लवकर आणायला पाहिजे होतं म्हणाले. महिन्याभरात फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडीवर फिके डाग तेवढे उरले. माझ्या लेखी प्रकरण निकाली निघालं. मायचं दुखणं खरं म्हणजे तिथून सुरू झालं.

तिच्या तोंडी त्या दुखण्याची वेगवेगळी नावं होती. ठणका वेगळा, सणक वेगळी, आग वेगळी. सणक यायची आणि जायची. आग सकाळपासून मुक्काम ठोकून बसायची. पोलक्याचं कापड लागलं तरी ती कळवळायची. पदराचा काठ बरगडीला घासला की डोळे मिटून घ्यायची. शेवटी वडिलांचं झिजून मऊ झालेलं एक धोतर फाडून ती अंगाभोवती सैल गुंडाळू लागली. मी ते डाग रोज बघत होतो. तिथं काही नव्हतं. सूज नाही, लाली नाही. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक. एक दिवस ती म्हणाली की नुसतं बोट टेकलं तर जीव जातो, पण तळहातानं दाबून धरलं तर जरा सोसवतं. हे ऐकल्यावर माझ्यातला निरीक्षक उठून बसला. हलकं वजन जास्त दाखवणारा आणि भारी वजन कमी दाखवणारा काटा मी जागेवर जप्त केला असता.

मग पाण्याचा दिवस आला. आमच्या भागात नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी गल्लीत लग्नघरासारखी धावपळ असते. त्या सकाळी माय कण्हत पडून होती. बायकोनं दिलेली भाकरी तिनं तशीच परत केली. आणि नळ आल्याची हाक उठली तशी ही बाई उठली, पदर खोचला, पाइप ओढत ड्रमपर्यंत नेला, दोन कळशा स्वतः उचलून शेळ्यांच्या टाकीत रिकाम्या केल्या. तासभर हूं की चूं नाही. नळ गेला, ती ओसरीवर टेकली आणि पुन्हा कण्हायला लागली. मी खुर्चीत बसून पेपराआडून सगळं बघत होतो.

पुढच्या आठवड्यात हर्सूलहून माझी बहीण आली. ती होती तोवर दोघी मायलेकी कुणाच्या तरी लग्नातली कसलीशी फजिती आठवून हसत होत्या. बहिणीची रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली तोच मायचा हात बरगडीवर गेला. मला खात्री पटत चालली. माणसं असली की दुखत नाही, मी एकटा समोर असलो की दुखतं. याला आपल्याकडं सरळ शब्द आहे, नाटक. कशासाठी, तेही मी शोधून काढलं. तिला गावाकडं परत जायचं असणार. शहरात करमत नाही हे पोराला तोंडावर सांगवत नाही, म्हणून दुखणं पुढं केलंय. कारण सापडल्यावर मला चक्क बरं वाटलं. आईला दुखत नाही याचं नव्हे, मी बरोबर निघालो याचं.

आता पुरावा हवा होता. मी एक दोनशे पानी वही आणली आणि जुन्या सवयीनं रकाने आखले. वार, वेळ, काय करत होती, काय म्हणाली. शेवटच्या अरुंद रकान्यात निकाल. खात्यात आम्ही निकाल एका अक्षरात लिहायचो, म्हणून इथंही अक्षरं ठरवली. ख. म्हणजे खरं. ना. म्हणजे नाटक.

मायला अक्षरओळख नाही. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, काय लिहितो रे? मी म्हटलं, तुझं दुखणं लिहितोय, डॉक्टरला दाखवायला. ते अर्धं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती मला मदत करू लागली. मी बाथरूममध्ये असलो तरी बाहेरून सांगायची, "लिही, आत्ता सणक आली. लई मोठी व्हती." मी बाहेर येऊन लिहायचो. कधी ती विचारायची की कालची आग लिहिली का, राहिली तर नाही ना. एकदा दारात बसून ती शेजारणीला सांगत होती, माझा ल्योक मोठा साहेब व्हता, आता घरी बसून माझं दुखणं लिहितो, कोण लिहितं आजकाल. मी आत बसून ऐकलं आणि नोंद केली. दुपारी बारा, शेजारणीशी गप्पा, दुखण्याची तक्रार नाही. ना.

बायकोला कुणीतरी सांगितलं की उस्मानपुऱ्यात नुसत्या दुखण्याचाच एक दवाखाना आहे. मला ते ऐकूनच गंमत वाटली. जो माल दिसत नाही, मोजता येत नाही, त्याचं दुकान. पण बायको हटून बसली, म्हणून मी मायला रिक्षानं घेऊन गेलो. डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी डाग बघितले, कापसाचा बोळा फिरवला तेव्हा माय खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली. मग त्यांनी विचारलं, आजी, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर तुमचं दुखणं किती? माय म्हणाली, लई. डॉक्टर म्हणाल्या, आकडा सांगा. माय विचार करून म्हणाली, लई म्हंजी लईच. मी मनात म्हटलं, झालं. दुखण्याला ना एकक, ना प्रमाणित वजन, आणि ही बाई पदवी घेऊन त्याचं मोजमाप करतेय.

त्यांनी एक गोळी लिहून दिली, रोज एक, जेवणानंतर, आणि पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. हळूहळू फरक पडेल, घाई करू नका, असंही म्हणाल्या. वही मी पिशवीतच ठेवली. पुरावा अजून पुरेसा नव्हता.

घरी येऊन मी गोळीच्या खोक्यातला कागद भिंगाखाली धरला. बारीक अक्षरात पहिल्याच ओळीत नैराश्याचा उल्लेख होता. मी पुन्हा वाचला, चष्मा पुसून वाचला. मग चप्पल घालून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाला, "अंकल, ये तो डिप्रेशन की गोली है. अम्मा के वास्ते? टेन्शन लेती क्या बहोत?"

परत येताना डोक्यात दोन संशय होते आणि दोन्ही एकमेकांना छेद देणारे. एक असा की त्या पोरीनं माझ्या मायला वेडी ठरवलं आणि तोंडावर न सांगता वेडाची गोळी गळ्यात मारली. दुसरा असा की त्या पोरीनंही नाटक ओळखलं, फक्त शिकलेल्या माणसांच्या पद्धतीनं गोळीवर लिहून सांगितलं. पहिल्यानं मला राग येत होता, दुसऱ्यानं मी सुखावत होतो. दोन्ही एकाच वेळी बाळगणं मला काही जड गेलं नाही. गोळ्या मी माझ्या कपाटात कागदपत्रांच्या मागं ठेवल्या. औषधाच्या वेळा मी बघतो, असं बायकोला सांगितलं. तिला बरंच वाटलं.

जेवण झालं की माय विचारायची, त्या बाईनं गोळी दिली व्हती ना? मी म्हणायचो, थोडं थांबायला सांगितलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तिनं विचारणं बंद केलं. डॉक्टरनं सांगितलंय आणि पोरगा बघतोय म्हटल्यावर तिचा विषय संपला. ते पंधरा दिवस तिचे फार वाईट गेले. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी त्या पंधरा दिवसांची तेवीस पानं भरली आणि लिखाण नीट जमलंय म्हणून खूश होतो.

दुसऱ्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरनी मायला पहिला प्रश्न हाच विचारला, की गोळीनं काही फरक वाटतो का. मायनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कंची गोळी?"

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. मी सरळ सांगितलं की कागद वाचला, दुकानात विचारलं, आणि ही डोक्याची गोळी आहे हे कळल्यावर दिली नाही. माझी आई वेडी नाही. आणि मग, म्हणजे मी गुन्हेगाराच्या खुर्चीत बसलो आहे हे लक्षात आल्यावर, मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, हे वाचा, म्हणजे कळेल मी का थांबलो. माय खुशीत येऊन म्हणाली, "लई लिहिलंय त्यानं. समदं लिहिलंय."

डॉक्टरनी वाचायला सुरुवात केली. मला वाटलं होतं दोन पानं चाळतील. त्या वाचतच राहिल्या. बाहेर पेशंट खोकत होते, एकदा नर्स डोकावून गेली, तरी त्या पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हे फार चांगलं लिहिलंय. एवढ्या बारकाईनं पेशंटचं दुखणं कुणी लिहून आणत नाही." मायनं मान डोलावली. माझीही छाती जरा फुगली, हे खोटं कशाला सांगू.

त्यांनी पाठीच्या कण्याचा प्लास्टिकचा नमुना जवळ ओढला. म्हणाल्या, नागिणीच्या विषाणूनं आजींची बरगडीकडची एक नस खराब केली आहे. फोड गेले, पण ती नस अजून वर निरोप पाठवतेच आहे. कापड घासलं तरी ती भाजल्याचा निरोप पाठवते. तो निरोप आधी कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतो आणि तिथून मेंदूकडं जातो. आतापर्यंत मला पटत होतं. पण, त्या म्हणाल्या, मज्जारज्जू म्हणजे नुसती वायर नाही. मेंदूच्या बुडाकडून उलट्या दिशेनं नसा खाली उतरतात आणि बरोबर त्या जागी रसायनं सोडतात. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, शिवाय शरीर स्वतःच तयार करतं ती अफूच्या जातीची काही. ती रसायनं खालून आलेला निरोप तिथल्या तिथं दाबू शकतात, कधी उलट मोठाही करतात. किती वर जाऊ द्यायचं हे मेंदू ठरवतो, आणि तो त्या माणसाला विचारून ठरवत नाही.

मी म्हटलं, म्हणजे शेवटी मनाचाच खेळ. त्या म्हणाल्या, खेळ नाही, रसायन आहे. तुमच्या काट्यावर येत नाही एवढंच. मग वहीतली पाण्याच्या दिवसाची नोंद त्यांनी मोठ्यानं वाचली. म्हणाल्या, बघा, अंगावर काम येऊन पडलं, सगळं लक्ष तिकडं गेलं, वरून रसायनं सुटली आणि तासभर निरोप दबला. नळ गेला, पुन्हा सुरू. तुम्ही जे लिहिलंय ते मी शिकत असताना पुस्तकात वाचलंय.

माय इतका वेळ तो प्लास्टिकचा कणा बघत होती. ती म्हणाली, "म्हंजी वाड्याच्या तोंडाला पाय आडवा लावल्यागत."

डॉक्टरना ते समजलं नाही, म्हणून मी समजावलं. सकाळी वाडा उघडला की सगळी मेंढरं एकदम तोंडाशी घुसतात. धनगर फटीत पाय आडवा लावून उभा राहतो आणि एकेक सोडतो. पाय काढला की सगळा कळप एकदम अंगावर. डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच आजी, आणि तुमचा पाय आता थकलाय. ही गोळी त्या पायाला जोर देते, म्हणजे ती दोन रसायनं तिथं जरा जास्त वेळ टिकून राहतात. मनाच्या उदासीतही तीच रसायनं लागतात, म्हणून गोळी तीच. वेडाचा इथं काही संबंध नाही. मायला ते माझ्याआधी पटलं. ती मला म्हणाली की मग द्यायची ना रे, कामून ठेवली. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंधरा दिवस, रोज एक.

डॉक्टर पुन्हा पानं उलटत होत्या. आता त्यांचा आवाज जरा खाली आला. म्हणाल्या, एक गोष्ट सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. जास्त दुखल्याच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत खोलीत तुम्ही दोघंच आहात. आजी आणि तुम्ही. एवढ्यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण एकटेपणा, भीती, आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असं वाटणं, यानंही तो निरोप वाढतो. घरातल्या माणसानं खरं मानलं, तर तेवढ्यानंही थोडा कमी होतो.

आणि मग त्यांनी तो शेवटचा रकाना बघितला. "हे ख. आणि ना. काय आहे?"

मी म्हटलं, ख. म्हणजे खरं.

"आणि ना.?"

त्यांना विचारता विचारताच कळलं असावं, कारण त्यांनी वही मिटली आणि नर्सला हाक मारण्याचं निमित्त केलं. पण मायला कळलं नव्हतं. ती माझ्याकडं कौतुकानं बघत होती. ती म्हणाली, "सांग ना रे बाईला. ना म्हंजी काय?"

ना म्हणजे नाही दुखलं, असं सांगता आलं असतं. ते सुचलंही होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडून मला स्वतःला ते नीट बोलता येत नाही, निदान कुणी डोळ्यांत बघत असताना तरी. मी म्हटलं, "नाटक."

माय हसली. तिला वाटलं मी काहीतरी दुसरं म्हणतोय. मग ती हसायची थांबली. तिनं टेबलावरच्या मिटलेल्या वहीकडं बघितलं, किती जाडी आहे ते बघितल्यासारखं. बरगडीवरून घसरलेला पदर तिनं दोन बोटांनी उचलून खांद्यावर घेतला आणि डॉक्टरना म्हणाली की गोळी लिहून द्या बाई, सून देईल. माझ्याकडं बघितलं नाही.

येताना रिक्षात ती कोपऱ्याला टेकून बसली होती. रस्ता उकरलेला, प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा आवळायचा. रिक्षावाल्याला मी दोनदा हळू घ्यायला सांगितलं. छावणी मागं पडली, पडेगावचा रस्ता लागला, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "मला वाटलं, तू माझं लिहितो."

मी म्हटलं, माय, चुकलं माझं. ती म्हणाली, असू दे. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठंतरी धरायला जागा मिळाली असती. घरी आल्यावर मी कपाटातून गोळ्या काढून बायकोच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं. ती जेवायला वाढेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि वाढल्यावरही नाही. वही मी त्याच दिवशी फाडली. दोनशे पानं फाडायला बराच वेळ लागतो, आणि फाडताना माणूस काही ओळी वाचतोच.

गोळी सुरू होऊन आता चार महिने झाले. पहिले काही दिवस तिला मळमळ झाली, मग ती थांबली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिनं धोतराचा तुकडा सोडला आणि पोलकं घातलं. बायको स्वयंपाकघरातून धावत मला सांगायला आली. डॉक्टर म्हणाल्या होत्या की पूर्ण जाणार नाही, पण सोसण्याइतकं खाली येईल, आणि तसं होतंय म्हणतात. म्हणतात असं लिहावं लागतंय, कारण मला जे कळतं ते बायकोकडून. आज सकाळी आग होती, परवा सणक आली, काल दिवसभर बरं होतं. माय हे सगळं तिला सांगते. शेजारणीला सांगते, फोनवर बहिणीला सांगते, शेळ्यांना चारा टाकताना त्यांनाही सांगत असेल. मी खोलीत आलो की विषय बदलतो. मी आत येईपर्यंतच तो बदललेला असतो.

मी विचारणं सोडलेलं नाही. डॉक्टरनी सांगितलं होतं की विचारत जा, तपासू नका. म्हणून रोज विचारतो, आणि रोज तेच उत्तर मिळतं. महिनोन्‌महिने मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं की दुखत नाही. आता रोज ऐकतो आणि एका शब्दावर विश्वास बसत नाही. एकदा तरी तिनं माझ्यासमोर कण्हावं म्हणून मी पेपर धरून बसून राहतो. आईनं कण्हावं अशी वाट बघणारा मुलगा, असा मी झालो आहे. याची लाज वाटते आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून इथं लिहितोय.

परवा सकाळी ती ओसरीवर बसली होती. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, डावं कोपर अंगापासून दूर धरलेलं, म्हणजे बाही बरगडीला लागू नये. मी चप्पल बाहेर काढून आलो, त्यामुळं तिला चाहूल लागली नव्हती. मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो. मग शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "माय, आता मी काही लिहीत नाही. नुसतं सांग. लई दुखतंय का?"

तिनं डोळे उघडले. कोपर हळूच खाली सोडलं, बाही बरगडीला टेकू दिली, आणि चेहरा असा मोकळा केला की मी पाहिलेलं मलाच खोटं वाटावं.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "कुठं काय दुखतंय."

आणि माझ्याकडं बघून हसली. ऐंशी वर्षांत तिनं केलेलं हे पहिलं नाटक. माझ्यामुळं शिकली आणि माझ्यापुरतंच करते.